बारा वर्षं आधी

संशोधन केंद्रातल्या बाईंना म्हातारा शास्त्रज्ञ हवा होता. घशाच्या तापावरचं औषध शोधणारा, पाठ्यपुस्तकातल्या फोटोतला, पांढऱ्या दाढीचा. त्याच्या कष्टांचं कसं चीज झालं ते त्याला तासभर आपल्या काळात आणून दाखवावं, एवढाच त्यांचा बेत. पण कालयंत्राचा अंदाज चुकला आणि खुर्चीत काळ्या दाढीचा माणूस येऊन बसला. हातात ओला फडका, डोळे जागरणाने तारवटलेले.

बाईंनी सगळं समजावून सांगितलं. कपाटातली औषधाची कुपी दिसली तसा तो उठला.

"हे मी शोधलं?"

"शोधाल. बारा वर्षांनी."

"माझी चिमणी याच तापाने पडून आहे. सहा वर्षांची आहे हो. द्या ती कुपी."

मुलगी गेल्यावर त्याने या कामाला वाहून घेतलं, हे बाईंनी शाळेतच वाचलं होतं.

"इथली वस्तू तिकडे पोचत नाही. वाटेतच नाहीशी होते."

"मग मला टोचा. अंगातून नेतो."

"तेही उरणार नाही." तरी त्यांनी टोचलं. नाही म्हणायला जीभ रेटेना.

"तिलाच आणा इकडे."

"यंत्र परत चालू व्हायला सहा महिने लागतात, आणि तोवर तिकडेही तेवढाच काळ सरलेला असतो."

"निदान बनवतात कसं, ते सांगा."

"घोड्याला रोगाचं विष थोडं थोडं टोचायचं, मग त्याच्या रक्तातून औषध काढायचं. पण घोडा तयार व्हायलाच महिने जातात."

तास संपला. निघताना त्याने कुपी मुठीत घट्ट धरली होती. घरी पोचला तेव्हा मूठ रिकामी होती, दंडावर सुईची खूणही नव्हती.

"अहो, होतात कुठे?" बायको म्हणाली. "तिला श्वास घेता येत नाहीये."

त्याने लेकीला मांडीवर घेतलं, वाफ दिली, चमच्याने मध चाटवला. उपयोग नाही हे त्या घरात त्याला एकट्याला ठाऊक होतं. बायको दर थोड्या वेळाने विचारायची, "उतार पडेल ना?" तो हो म्हणायचा.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी चिमणी गेली.

पुढच्या आठवड्यात त्याने एक घोडा आणून परसात बांधला. बायको दारात येऊन उभी राहिली.

"आता हा कशाला?"

त्याने बादली भरून घोड्यापुढे ठेवली आणि त्याचं पाणी पिऊन होईपर्यंत तिथेच उभा राहिला.