रुग्ण शुद्धीवर होती

त्या दिवशी सकाळी रुग्णालयाच्या अंगणात चाळीस जण जखमी होऊन पडले होते आणि त्यांतले निम्मे तोंड दाबून हसत होते. कुणाच्या कपाळाला लाल रंग फासलेला, कुणाच्या पायाला फळी बांधलेली. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना नुसतं पडून राहायचं काम मिळालं होतं, त्यामुळे ती खूश होती. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना त्यांना उचलून न्यायचं होतं, ती घामाघूम झाली होती. आपत्तीची रंगीत तालीम चालली होती.

मधोमध गळ्यात शिट्टी अडकवून डॉक्टरबाई उभ्या होत्या. आपत्कालीन विभागाच्या प्रमुख, महाविद्यालयात प्राध्यापक, वय पंचावन्न. मुलं पाठीमागे त्यांना ‘आपत्तीबाई’ म्हणायची. ते त्यांच्या कानावर होतं, आणि मनातून आवडतही होतं. तीन पूर, एक भूकंप आणि एका कारखान्यातली वायुगळती त्यांनी निस्तरली होती. आपत्तीच्या वेळी रुग्णालयांनी काय करावं, याचं सरकारी पुस्तक त्यांनीच लिहिलेलं. दरवर्षी पहिल्या तासाला त्या मुलांना सांगत, “बैल गेला आणि झोपा केला, अशी म्हण आहे ना? आपलं शास्त्र म्हणजे बैल जायच्या आधी झोपा करायचं शास्त्र.” मुलं हसायची आणि वहीत लिहून घ्यायची.

दहा चाळीसला फाटकाशी एक रिक्षा थांबली. रखवालदाराने काठी आडवी केली. “तालीम चालू आहे. मागच्या दाराने न्या.”

मागचं दार म्हणजे अख्ख्या इमारतीला वळसा. रिक्षात मागे एक बाई सासूच्या मांडीवर डोकं टेकून पडली होती आणि सासरे पुढे चालकाशेजारी बसले होते. त्यांनी वाद घातला नाही. रुग्णालयात जसं सांगतील तसं करायचं, एवढंच त्यांना माहीत होतं.

थोड्या वेळाने विभागातली निवासी डॉक्टर, नुकतीच पंचविशी ओलांडलेली मुलगी, अंगणातून धावत आली.

“मॅडम, लवकर चला. पेशंट आहे.”

“कुठल्या रंगाची?” डॉक्टरबाईंनी घड्याळावरची नजर न काढता विचारलं. तालमीत गंभीर जखमींना लाल फीत असे.

“मॅडम, खरी आहे.”

खाटेवर तिशीतली बाई होती. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती मशीनवर बसायची. केसांत निळ्या दोऱ्याचे तुकडे तसेच अडकलेले. सकाळी काम करता करताच पोटात कळ आली, मग खांदा दुखायला लागला, आणि उठायला गेली तशी घेरी येऊन पडली. ओठ पांढरेफटक, वरचं प्रेशर ऐंशी. डॉक्टरबाईंनी पोटावर हात ठेवला आणि त्यांना जे समजायचं ते समजलं. सोनोग्राफीने नुसती खात्री केली. गर्भ पिशवीत न राहता नळीत वाढला होता आणि नळी फुटली होती. पोट आतून रक्ताने भरत चाललं होतं.

“ऑपरेशन करावं लागेल. आत्ता, लगेच,” त्या म्हणाल्या. “झालं की बऱ्या व्हाल.”

“करा,” ती म्हणाली.

रक्ताची पिशवी लागली, शस्त्रक्रियागृहाला कळवलं गेलं, आणि घोडं अडलं ते एका कागदावर. स्त्रीरोग विभागाचे सर्जन आले, कागद उलटून पाहिला आणि म्हणाले, “नवऱ्याची सही कुठे आहे?”

नवरा टँकर चालवायचा. त्याचा फोन लागत नव्हता. सासऱ्यांपुढे कागद धरला तेव्हा ते दोन पावलं मागे सरकले.

“मी कशी करू हो सही? नळी काढणार म्हणता. उद्या मूलबाळ झालं नाही तर पोरगा मलाच धरेल ना! बायको त्याची. त्याला येऊ द्या.”

“बाबा, तोवर ती राहायची नाही,” निवासी डॉक्टर म्हणाली.

“असं अभद्र बोलू नकोस, पोरी.” म्हातारा दुष्ट नव्हता. आयुष्यात कुठलाच निर्णय त्याने एकट्याने घेतला नव्हता, आणि पहिलाच असा अंगावर आला होता.

सासू भिंतीला टेकून पिशवी पोटाशी धरून उभी होती. तिला कुणी काही विचारलं नाही.

“अहो,” खाटेवरून आवाज आला. बारीक, पण स्पष्ट. “मी इथेच आहे. मला विचारा ना कुणीतरी. मला सही येते. कारखान्यात रोज हजेरीला करते.”

निवासी डॉक्टरने कागद तिच्यापुढे धरला. हाताला सुई टोचलेली, बोटं गार पडलेली, तरी तिने पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट. निवासी डॉक्टरने शेजारी वेळ टाकली, अकरा दहा.

सर्जनांनी मान हलवली. “ही चालत नाही. खाली बघा, पती, वडील किंवा कुटुंबप्रमुख. गेल्या वर्षी सहीवरूनच नातेवाइकांनी काचा फोडल्या, त्या माझ्या खोलीच्या होत्या मॅडम, तुमच्या नाही. बारा टाके पडलेत माझ्या हाताला.” त्यांनी बाही वर केली. टाके खरे होते.

“कायद्याने तिची सही पुरते,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

“कायदा काचा थांबवायला येतो का?”

डॉक्टरबाईंनी रुग्णालयाच्या अधीक्षकांना फोन लावला. अधीक्षक गोड बोलणारा माणूस. “मॅडम, पुढच्या आठवड्यात आपत्ती समितीची घोषणा आहे. अध्यक्षपदाला तुमचं नाव पक्कं आहे. आता कशाला नसता घोळ? नवरा काही परदेशात नाही. येईल की.”

इथे डॉक्टरबाईंनी जे केलं, ते त्यांनी पुढे स्वतःला कधी माफ केलं नाही. त्या सर्जनांकडे वळून म्हणाल्या, “पंधरा मिनिटं थांबू. फोन लागला तर ठीक. नाही लागला तर जबाबदारी माझी.”

फोन चौदाव्या मिनिटाला लागला. निवासी डॉक्टरने सगळं समजावून सांगितलं आणि फोन बायकोच्या कानाशी धरला.

“अहो, हो म्हणा ना,” ती म्हणाली.

“घाबरू नकोस गं. मी निघालोच. वीस मिनिटांत पोचतो. डॉक्टरांना सांग, मी आल्याशिवाय काही करू नका.” बायकोवर त्याचा जीव होता, यात कुणाला शंका घ्यायचं कारण नाही. आपण तिथे असलो तरच तिचं भलं होईल, असं त्याला मनापासून वाटत होतं.

आता तर नवऱ्याने चक्क थांबायला सांगितलं होतं. सर्जन हाताची घडी घालून खुर्चीत बसले. डॉक्टरबाईंनी दुसरी पिशवी लावली, तिसरी मागवली. वरून ओतायचं आणि आत गळत राहायचं, असं चाललं होतं. बाई मध्येच म्हणाली, “तहान लागली.” मग म्हणाली, “आले का हो?” मग काही म्हणाली नाही.

टँकरवाला बारा वाजता धापा टाकत आला. त्याने कागद वाचला नाही. दाखवली तिथे सही केली आणि बायकोच्या कपाळावरून हात फिरवला. खाट लिफ्टमध्ये शिरली. दोन मजले वर जाईपर्यंत नाडी गेली. लिफ्टच्या दारातच डॉक्टरबाई तिच्या छातीवर दाब देत राहिल्या. बारा पंचवीसला सर्जनांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

अंगणात तालीम संपली होती. मुलं एकमेकांच्या तोंडावरचा लाल रंग पुसत होती.

दुपारी अधीक्षकांनी डॉक्टरबाईंना खोलीत बोलावलं. टेबलावर केसपेपर होते.

“हे बघा, या कागदावर दोन सह्या झाल्यात. एक अकरा दहाची, एक बाराची. वाचणारा विचारणार, मधली पन्नास मिनिटं कुठे गेली?”

“बरोबर विचारेल.”

“आपण नवीन फॉर्म भरू. एकच सही, नवऱ्याची. शेरा मारू, नातेवाइकांनी संमतीस विलंब केला. खोटं तर नाही ना ते?”

डॉक्टरबाईंनी कागद हातात घेतला. खाली कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत नमुना क्रमांक आणि वर्ष छापलेलं होतं. ते त्यांनी दोनदा वाचलं. एकोणीस वर्षांपूर्वीच्या पुरात, शाळेच्या वर्गात कंदिलापुढे बसून हा नमुना त्यांनीच केला होता. छावणीत हजारो माणसं, प्रत्येकाशी बोलायला वेळ कुठला? म्हणून त्यांनी लिहून टाकलं होतं, ‘कुटुंबप्रमुखाची सही’. पूर ओसरला, कागद राहिला. पुस्तकात गेला, पुस्तकातून साऱ्या रुग्णालयांत गेला. गावाला बांध घालायला निघालेल्या बाईने त्याच बांधाला भगदाड ठेवलं होतं.

“हा कागद इथून हलणार नाही,” त्या म्हणाल्या. “आणि शेरा मी लिहिणार.”

उभ्याउभ्याच त्यांनी लिहिलं, ‘रुग्ण शुद्धीवर होती. तिने शस्त्रक्रिया मागितली व स्वतः सही केली. ती सही आम्ही धरली नाही. पन्नास मिनिटांचा विलंब रुग्णालयाचा आहे, आणि त्यातली पहिली पंधरा मिनिटं थांबण्याचा निर्णय माझा होता.’ खाली नाव, हुद्दा, वेळ.

अधीक्षकांचा गोडवा क्षणात आटला. “स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय.”

“उशिराच मारतेय.”

संध्याकाळी घरी जेवताना त्यांनी सगळं नवऱ्याला सांगितलं. नवरा पुलांचं बांधकाम करणारा इंजिनियर, समजूतदार माणूस. सगळं ऐकून घेतलं आणि सहज म्हणाला, “पण तशी पद्धतच आहे ना? तुझ्या पित्ताशयाच्या ऑपरेशनला मीच सही केली होती की.”

“माझी नव्हती?”

“तुझी कशाला? मी होतो ना तिथे.”

तेव्हा डॉक्टरबाई विभागप्रमुख होत्या, पूर्ण शुद्धीवर होत्या, खाटेवर बसून विद्यार्थ्यांचे पेपर तपासत होत्या. आपल्याला कुणी विचारलं नाही, हे त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं.

चौकशी तीन आठवड्यांनी झाली. लांब टेबलामागे पाच जण, पाचही पुरुष. सर्जनांनी काचांबद्दल सांगितलं, अधीक्षकांनी नियमांबद्दल. टँकरवाला फक्त रडला. सासऱ्यांनी हात जोडून म्हटलं, “आमचंच नशीब फुटकं, साहेब. आमची कुणाबद्दल तक्रार नाही.”

समितीला हेच हवं होतं. कारकून लिहायला वाकला, तेवढ्यात डॉक्टरबाई म्हणाल्या, “त्यांना एक गोष्ट कुणी सांगितलेली नाही. आजोबा, तुमच्या सुनेने स्वतः सही केली होती. ती पुरेशी होती.”

म्हाताऱ्याला उमगायला वेळ लागला. पण मागे बसलेली सासू उठून उभी राहिली. तिला बोलावलेलं नव्हतं. ती सोबत म्हणून आली होती.

“पुरेशी होती म्हणता?”

“हो.”

“मग आम्हाला कशाला विचारलंत?”

टेबलामागच्या एकाने चष्मा पुसला.

“मी तिथेच उभी होते,” ती म्हणाली. “पोरीने हात पुढे केलेला मी बघितला. वाटलं, डॉक्टर लोक शिकलेले, ते नाही म्हणतात म्हणजे बाईची सही चालत नसेल. माझ्या दोन्ही बाळंतपणांत ह्यांचाच अंगठा घेतला होता. मी म्हटलं, तसंच असतं. आम्ही अडाणी, आम्हाला माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं ना?”

हा प्रश्न तिने साऱ्या टेबलाला विचारला होता, पण बघत होती डॉक्टरबाईंकडे. कारण तिच्याखेरीज तिथे बाई त्या एकट्याच होत्या.

“होतं,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “मला माहीत होतं.”

सासूने मान डोलावली. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती खाली बसली आणि नवऱ्याचा हात तिने धरून ठेवला.

निकाल लागला तो असा. सर्जनांना समज दिली गेली. अधीक्षकांना काहीच झालं नाही. आपत्ती समितीच्या अध्यक्षपदी दुसऱ्याचं नाव आलं, आणि विभागप्रमुखपद काढून घेऊन डॉक्टरबाईंना ग्रंथालय समितीवर नेमलं. नमुन्यातही सुधारणा झाली. पती, वडील, कुटुंबप्रमुख यांच्या खाली चौथी ओळ आली, ‘रुग्णाची संमती (शक्य असल्यास)’. त्या सुधारणेबद्दल अधीक्षकांचं वर्तमानपत्रात कौतुकही छापून आलं.

डॉक्टरबाईंनी नोकरी सोडली नाही. रागाने सोडावीशी वाटली होती, पण सोडली असती तर तो कागद पुन्हा एकटाच राज्य करायला मोकळा झाला असता. पद नसलं तरी रुग्ण तपासायचा आणि शिकवायचा हक्क होता. पुस्तकातलं ते प्रकरण त्यांनी नव्याने लिहून सरकारकडे पाठवलं. पोच आली, उत्तर आलं नाही. दुसऱ्यांदा पाठवलं, तिसऱ्यांदा पाठवलं. इतर रुग्णालयांना स्वतःच्या नावाने पत्रं लिहिली, की हा नमुना मी केला, तो चुकीचा आहे, कृपया फाडून टाका. काहींनी त्यांना वेड लागलंय असं म्हटलं.

निवासी डॉक्टर मात्र आता कुणाचंच ऐकत नव्हती. कागद आधी बाईपुढे धरायची आणि सर्जनांना म्हणायची, “सर, सही झालीय. चला.” तिच्याकडे दोनदा खुलासा मागितला गेला. दोन्ही वेळा डॉक्टरबाई तिच्या शेजारी जाऊन बसल्या.

सुधारलेला नमुना येऊन वर्ष झालं तेव्हा डॉक्टरबाईंनी विभागाच्या नोंदवह्या काढल्या. तातडीने पोट उघडावं लागलं अशा, शुद्धीवर असलेल्या बायका त्या वर्षात एकतीस. त्यांतल्या बाराजणींच्या वेळी कुणी कुणासाठी थांबलं नाही. एकोणीसजणींच्या वेळी थांबले. कुणासाठी नवऱ्याची वाट पाहिली, कुणासाठी भावाची, आणि एका आजीसाठी सतरा वर्षांच्या नातवाची.

त्या एकोणीसजणींपैकी अठराजणी घरी गेल्या. एकोणिसावीचं वय बावीस होतं. तिच्या कागदावर चौथी ओळ कोरी होती.

डॉक्टरबाईंनी तिचं नाव वहीत उतरवून घेतलं, आणि सरकारला चौथं पत्र लिहायला घेतलं.