झुंबरबाईची वेणी

"कात्री लावा आणि मोकळ्या व्हा, बेबाबाई," सिस्टर म्हणाल्या. "गुरुवारी ऑपरेशन आहे. डोकं नुसतं उवांनी भरलंय."

बेबाबाईंच्या हातातली कात्री पाहून कॉटवरच्या झुंबरबाईने दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं. पारोळ्याकडच्या एका खेड्यातली ही म्हातारी खुब्याचं हाड मोडून दोन महिने घरातच पडून होती. केसांची जट होऊन मानेखाली उशीसारखी घट्ट बसली होती.

"मना केस कापू नको वं," ती म्हणाली. "मना धनी गया तवय बी कोनी कापात नहीत. आते मरताना माले बोडकी करू नको."

"नही कापत. उगी राय, माय."

बेबाबाईंनी कात्री एप्रनच्या खिशात टाकली.

जळगावच्या त्या सरकारी दवाखान्यात त्या एकोणीस वर्षं आया होत्या, त्याही कंत्राटावर. सकाळी पुसलेली फरशी दुपारपर्यंत घाण व्हायची, बदललेली चादर तासाभरात भिजायची. पिंप्राळ्याला घरी परतताना, आज हे केलं म्हणून दाखवावं असं काही उरायचं नाही. नवरा वारला होता. मुलगा प्रशील पुण्याहून फोनवर म्हणायचा, "आई, ड्युटी संपली की सरळ घरी जात जा. तुला तिथं कोण विचारतंय?" कोणी विचारत नव्हतं हे खरंच होतं.

त्या सोमवारी ड्युटी संपल्यावर त्यांनी समोरच्या दुकानातून खोबरेल आणलं आणि म्हातारीच्या उशाशी बसल्या. आधी टोकाकडून, बोटांनी, मग फणीने, उवा टिपत. अंधार पडेपर्यंत जेमतेम वीतभर केस सुटले. म्हातारी कण्हायची, मध्येच तिला झोप लागायची.

कॉटच्या पायथ्याशी म्हातारीची सून सुलक्षणा भिंतीकडे बघत बसलेली असे. दुसऱ्या दिवशी ती आपणहून बोलली.

"केसले हात लावा का कल्ला करे. मग मी बी थकी गऊ. घरवाला सुरतले, घरमा मी एकली. ननंद म्हनस, तूच मारशी मन्ही मायले."

बेबाबाईंनी जटेचं एक टोक तिच्या हातात दिलं. "हाई धरी ठेव. घट नको धरू."

बुधवारी दुपारी शेवटची गाठ सुटली. पांढरे, विरळ केस थेट कमरेपर्यंत आले. बेबाबाईंनी वेणी घालून खांद्यावरून पुढे आणून दिली. म्हातारीने ती शेंड्यापर्यंत चाचपली.

"लगीनमा आशी व्हती," ती म्हणाली. "मन्ही मायनी घालेल."

रिक्षातून घरी जाताना बेबाबाईंना वाटलं, आज एक काम पुरं झालं.

गुरुवारी सात वाजता त्या वॉर्डात आल्या, तेव्हा म्हातारीच्या सहा नंबरच्या कॉटवर तोंडापर्यंत चादर ओढलेली होती. पहाटे धाप लागली होती, ती थांबलीच नाही.

नऊच्या सुमारास एरंडोलहून म्हातारीची लेक आली. पुष्पा तिचं नाव. ती वॉर्डात शिरली तीच भांडायच्या तयारीने. सुलक्षणाकडे न बघता तिने चादर बाजूला केली आणि तशीच उभी राहिली. मग वेणीवरून हात फिरवला.

"वयनी," ती म्हणाली, "हाई येनी तू घाली?"

सुलक्षणाचे ओठ हलले. तिने बेबाबाईंकडे पाहिलं. बेबाबाईंनी शेजारच्या कॉटवरची उशी उचलली आणि पाठ फिरवून अभ्रा काढू लागल्या.

पुष्पाने भावजयीला मिठी मारली. "मी तुले काय काय बोलनू. अन् तू तिनी इतली सेवा करी."

दोघी कितीतरी वेळ रडत होत्या. बेबाबाईंचा अभ्रा केव्हाच निघाला होता, पण त्या वळल्या नाहीत.

शववाहिका आली तेव्हा स्ट्रेचरची एक बाजू त्यांनीच धरली. म्हातारीला आत ठेवल्यावर सुलक्षणा त्यांच्याजवळ आली.

"मी खरं सांगं नही," ती खाली बघत म्हणाली.

"जट तू बी धरी व्हती ना? जाय, तिना जोडे बठ."

गाडीत दोन बाजूंना दोघी बसल्या. दार लागलं. पारोळ्याच्या रस्त्याला गाडी वळेपर्यंत बेबाबाई फाटकाशी उभ्या राहिल्या, मग जिना चढून वर आल्या.

"सहा नंबरला पेशंट येतोय," सिस्टर म्हणाल्या.

बेबाबाईंनी गादी पुसली, कोरडी चादर घातली. कोपरे खोचताना बोटं आखडत होती. नखांच्या कडेची कातडी तीन दिवसांत सोलून निघाली होती. नवी बाई कण्हत होती, कोणाचं तरी नाव घेत होती. बेबाबाईंनी तिच्या मानेखाली हात घातला.