पान दोनशे बारा

मी एक जुना प्रिंटर आहे, मित्रांनो. कॉलेजच्या वाचनालयात खिडकीखाली माझी जागा. डोक्यावर काच, पोटात शाई आणि अंगावर सगळ्यांच्या चापट्या. कागद अडकला की जो तो येऊन मला बडवतो. सवय झाली आहे, पण राग यायचा तो येतोच.

नवा होतो तेव्हा माझं फार कौतुक होतं. मुलं कपाटातून पुस्तक काढायची, हवं ते पान शोधायची आणि माझ्या काचेवर पालथं ठेवून झेरॉक्स काढायची. शोधता शोधता आजूबाजूची चार पानंही वाचून व्हायची. आता मुलं मोबाइलवर एआयला विचारतात आणि त्याचं उत्तर थेट माझ्याकडे छापायला पाठवतात. एआय हुशार आहे, नाही कशाला म्हणू? पण माहीत नसलं तरी गप्प बसणं त्याला जमत नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला! आणि आमची मुलं म्हणजे बाबा वाक्यं प्रमाणम्.

तिसऱ्या वर्षाला एक मुलगी होती. जाड चष्म्यामुळे मैत्रिणी तिला ढापणी म्हणायच्या. पुलावर नवे दिवे लागल्यापासून खालची वटवाघळं कमी झाली, हा तिच्या प्रकल्पाचा विषय. वर्गातून एकाचीच निवड होणार होती आणि त्याला मोठ्या संशोधन संस्थेत पुढे शिकायला मिळणार होतं. त्यासाठी ढापणी रोज संध्याकाळी पुलाखाली उभी राहून वटवाघळं मोजायची. पण दिवे लागण्याआधी ती किती होती? ते एआयने सांगितलं. जुन्या मासिकातला लेख, लेखकाचं नाव, पान दोनशे बारा, सगळं कसं ऐटीत.

तिने एआयलाच विचारलं, "हे खरं आहे ना?" तो म्हणाला, अगदी खरं. तेही उत्तर तिने पुरावा म्हणून प्रकल्पाला जोडलं! अहो, ज्याच्यावर संशय त्यालाच साक्षीला बोलावतात का? हात असते तर मी कपाळावर मारून घेतले असते.

प्रकल्प छापताना नेमका त्या लेखाचाच कागद माझ्यात अडकला. ग्रंथपाल बाईंनी झाकण उघडून तो ओढून काढला आणि वाचला.

"अगं, हे मासिक आपल्याकडेच आहे की. बघितलंस का?"

"नाही मॅडम. पण त्याने पान नंबरसकट सांगितलंय ना!"

बाईंनी धूळ झटकत अंक आणला. तो शहाण्णवाव्या पानावरच संपत होता. त्यांनी बाकीचे अंकही चाळले. ना तो लेख, ना तो लेखक.

ढापणीचा चेहरा पडला. "मग आधीचा आकडाच राहत नाही, मॅडम. कमी झाली असं म्हणू कशी?"

"नको म्हणूस. स्वतः मोजलंस तेवढंच लिही."

तिने तसंच केलं. प्रकल्प निम्मा झाला. वर्गात सगळे ज्याला हिरो म्हणायचे, तो मुलगाही पुलावरच्या दिव्यांवरच लिहीत होता आणि मैत्रीखातर तिनेच त्याला तो लेख सांगितला होता. ती धावत त्याच्याकडे गेली.

"अरे, तो लेख नाहीच आहे. काढून टाक."

"कोण उघडून बघतंय गं? आणि मीपण विचारलं त्याला. खरं आहे म्हणाला."

निवड हिरोची झाली. परीक्षकांनी फाईलची जाडी पाहून शाबासकी दिली. ढापणीच्या प्रकल्पावर शेरा आला, 'निष्कर्ष अपुरे.' ती माझ्या शेजारच्या बाकावर बसून रडली. मला इतका संताप आला, पण मी काय बोलणार? ती दोघांची पानं मीच तर छापली होती.

निवड झालेला प्रकल्प बांधून वाचनालयात ठेवतात. त्यामुळे तो कुठेच नसलेला लेख आता सोनेरी अक्षरांच्या पुठ्ठ्याआड कपाटात बसला आहे. यंदाची मुलं तो प्रकल्प माझ्या काचेवर ठेवतात आणि म्हणतात, "हे एआयचं नाही हं, वाचनालयातलं आहे!" आणि मी मुकाट्याने स्वच्छ प्रत काढून देतो.

मित्रांनो, एआयला जरूर विचारा. पण तो ज्या पानाचं नाव घेईल, ते पान स्वतः उघडून बघा. सापडलं नाही तर लिहू नका, निवड हुकली तरी चालेल. एकदा कपाटात शिरलेलं खोटं बाहेर काढणं माझ्या हातात नाही. आज सकाळीच आणखी एकजण त्याची झेरॉक्स घेऊन गेला.