हसणं थांबलं की मुळी बंद

पंचनाम्यात लिहिलं होतं, बायकोच्या कटकटीला कंटाळून पत्रूने जीव दिला. त्या एका ओळीवर सासऱ्याने सुगंधाबाईला आरमोरीच्या घरातून काढलं आणि पाच वर्षांची मुलगी ठेवून घेतली. सुगंधाबाई चांद्याला भावाकडे आली. तिला मुलगी परत हवी होती, आणि त्यासाठी ती ओळ खोटी ठरायला हवी होती. भाऊ माझा शेजारी. मी मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवते, म्हणून वकिलाकडे जाताना मला सोबत नेलं.

वकील गुणवंतराव गावातले सर्वांत मोठे. निदान पाटी तरी सर्वांत मोठी.

मी थोडक्यात सांगितलं. पत्रू लाकूड डेपोत मोजणी करायचा. रक्तदाबासाठी डॉक्टरांनी सर्पगंधेच्या गोळ्या दिल्या, दर महिन्याला एक बाटली. तिसऱ्या महिन्यात त्याचं बोलणं तुटलं, मग जेवण तुटलं. पाचव्यात तो गेला. या गोळीने काही रोग्यांचं मन खचतं, असं परदेशी नियतकालिकांत आलं होतं. ते अंक मी टेबलावर ठेवले.

गुणवंतराव हसले. "बाई, झाडपाल्याची गोळी आहे. मी स्वतः घेतो." खिशातून स्वतःची बाटली काढून त्यांनी अंकांवरच ठेवली.

आमच्यासोबत आलेला सुकलू बाहेर पायरीवर बसला होता. या गोळ्या ज्या मुळीपासून बनतात, ती सर्पगंधेची मुळी जंगलातून खणून तो ठेकेदाराला द्यायचा. पत्रू त्याच्या ओळखीचा. त्याला आत बोलावलं.

"आमी मुळी दिली का रोग्याच्या घरीच राह्यतो," तो म्हणाला. "तो हसून राह्यला, खाऊन राह्यला, तर देतो. हसनं थांबलं का मुळी बंद. तुमचा डाक्टर कुठी बसला होता?"

"हे कोर्टात चालत नाही," गुणवंतराव मला म्हणाले. "याला सही तरी येते का?"

डॉक्टरांना सही येत होती. पहिल्या दिवसानंतर त्यांनी पत्रूला पाहिलं नव्हतं. चिठ्ठीवर सही मात्र दर महिन्याला होती.

पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो. टेबलावर बाटली नव्हती.

"गोळ्या कुठी गेल्या, साहेब?" सुगंधाबाईने विचारलं.

"बंद केल्या. कशात मन लागेना. घरात म्हणायला लागले, तुम्ही हसत नाही." त्यांनी चष्मा पुसला. "त्याचा आपल्या दाव्याशी संबंध नाही."

माझे अंक तिथेच होते. एका पानात खुणेचा कागद होता. तो मी घातलेला नव्हता.

"मंग हेच जजसाहेबापुढं सांगा ना."

"वकिलाला स्वतः चालवत असलेल्या दाव्यात साक्षीदार होता येत नाही, बाई. तसा नियम आहे."

नियम त्यांना उत्तम येत होते.

सुगंधाबाईने टेबलावरचं आपलं वकीलपत्र उचललं, त्याची घडी घातली आणि कमरेला खोचली.

"मंग वकील मी दुसरा पाहतो. तुमी साक्षीदार. तुमाले सही येते."