दोन जावा, दोन पंप

"फुंका, अजून फुंका, थांबायचं नाही," मी धाकटीला रेटत होते. दम्याच्या नव्या औषधाच्या चाचणीवर मी सिस्टर आहे. फुंकतात लोक आणि घसा बसतो माझा.

मशीनवर धाकटीचा आकडा आठवड्यातला सगळ्यात चांगला आला. थोरली मात्र पहिल्यापेक्षा मागे. दोघी जावा एकाच दुकानात उशा भरतात, दोघींना सौम्य दमा. कुणाच्या पंपात औषध आणि कुणाच्या पंपात नुसती पूड, हे मलाही सांगत नाहीत.

"एवढा फरक कसा?" मी पुटपुटले.

"पडायलाच नको," धाकटी म्हणाली. "आम्ही दर रविवारी पंप बदलतो की."

"बदलता म्हणजे?"

"माझ्याला लाल दोरा, जाऊबाईंच्याला निळा. एक आठवडा लाल माझ्याकडे, पुढचा आठवडा निळा. एकीला औषध आणि एकीला पूड, असला अन्याय घरात नको. भांड्यांच्या पाळ्यासुद्धा आम्ही अशाच लावल्यात."

मी कपाळाला हात लावला. दोन महिन्यांचं काम पाण्यात गेलं होतं. एरवी दोघींची उत्तरं एकटी देणारी थोरली आज पंप पिशवीत टाकायच्या घाईत होती. मी पंप मागून घेतले आणि त्यांच्यावरचे नंबर तपासले. थोरलीच्या नंबरच्या पंपाला निळ्याऐवजी लाल दोरा होता.

"दोरे चुकलेत," मी म्हटलं.

"चुकले नाहीत," थोरली म्हणाली. "पहिल्या आठवड्यात मला माझ्या पंपानं मोकळं वाटलं. रविवारी तो हिला दिला. नंतर पंप हलवलेच नाहीत, नुसते दोरे बदलले. ही रात्रभर खोकायची, मला झोप लागेना."

"मला विचारायचं तरी," धाकटी म्हणाली.

"विचारलं असतं तर घेतला असतास?"

धाकटीचे डोळे भरून आले. "नसता घेतला," ती म्हणाली.

दोघींची नावं चाचणीतून काढावी लागली. पंप परत घेतले आणि नेहमीचं औषध लिहून घ्यायला वर डॉक्टरांकडे जायला सांगितलं. रागवायचं होतं, पण मला त्यांचा हेवाच वाटला. माझ्या जावेनं मला कधी चिमूटभर मीठसुद्धा दिलेलं नाही.

धाकटीनं दोन्ही पिशव्या उचलल्या. जिन्याच्या पाचव्या पायरीवर तिनं मागे थोरलीकडे पाहिलं आणि थांबली.

"थांबा जाऊबाई, मला धाप लागली."

"नाजूकच आहेस तू," म्हणत थोरली पायरीवर बसली.