डॉक्टर कार्व्हरना मूल नव्हतं

क्लिऑननं खोटी मिशी दोनदा वाकडी चिकटवली. शेवटी मीच ती लावून दिली.

"यंदा राहू दे की," मी म्हटलं. "शाळेला कळवू. कुणी बोल लावणार नाही."

"पोरं वाट बघत असतील, व्हर्डेल."

टरेलला माती देऊन महिनाही झाला नव्हता. एकुलता एक मुलगा आमचा. हमरस्त्यावर अपघातात गेला. तेव्हापासून क्लिऑन कुणाशी धड बोललेला नव्हता.

जन्मभर टपाल वाटलं त्यानं; पण आमच्या मेकन काउंटीत सगळे त्याला 'डॉक्टर'च म्हणायचे. दर फेब्रुवारीत, आम्हा काळ्या लोकांच्या इतिहासाच्या महिन्यात, तो शाळेत डॉक्टर कार्व्हर व्हायचा. जुनाट कोट, छातीला फूल, हातात भुईमुगाचा वेल. गुलामीत जन्मलेलं पोर, आईला चोरांनी पळवून नेलेलं. तेच पुढं शास्त्रज्ञ होऊन, कापसानं खंगलेल्या जमिनीत शेंगा लावा म्हणून सांगत कसं फिरलं, हे ऐकताना पोरं चुळबुळ करायचीसुद्धा विसरत.

त्या दिवशीही विसरली. मग प्रश्न सुरू झाले. पुढच्या रांगेतली दोन वेण्यांची मुलगी उठली.

"डॉक्टर, तुम्हाला मुलं आहेत?"

हे कुणीतरी दरवर्षी विचारायचंच. उत्तरही ठरलेलं. मागच्या खुर्चीत मी डोळे मिटून घेतले.

"नाही गं बाई," क्लिऑन म्हणाला. "लग्नच केलं नाही मी. माझ्या हातची रानगवताची भाजी कोण खाणार?"

पोरं खिदळली.

गाडीत बसल्यावर त्यानं किल्ली लावलीच नाही.

"मी 'नाही' म्हणालो."

"ते डॉक्टरांचं उत्तर होतं रे."

"तोंड माझं होतं ना!"

त्यानं मिशी ओढून काढली आणि उतरून थेट शाळेच्या बसकडं निघाला. मी मागोमाग धावले. बसच्या रांगेत उभ्या त्या दोन वेण्यांच्या मुलीनं त्याला ओळखलंच नाही.

"मघाचा डॉक्टर मीच," तो म्हणाला. "खरं नाव क्लिऑन. मला मुलगा होता. टरेल. आत्ताच वारला."

मुलगी त्याच्याकडं बघत राहिली.

"त्याला शेंगा आवडायच्या?"

"छे गं! एक दाणा खाल्ला तरी अंगभर गांधी उठायच्या."

ती फिसकन हसली आणि बसमध्ये चढली.

"म्हणायचा, पप्पा, तुझा डॉक्टर माझ्या जिवावर उठलाय," क्लिऑन सांगतच होता. "आणि पोहायला तर असा भ्यायचा..."

बस वळली. रस्ता रिकामा झाला. तो बोलत राहिला, आणि मी ऐकत उभी राहिले.