पेपिनोची पहिली फोड

आचाऱ्याने पळीभर सूप वाटीत ओतून बायकोपुढे धरलं. तिने फुंकर मारली, घोट घेतला आणि गल्ल्यावर जायची घाई असूनही तो तोंडात नीट घोळवला.

"मीठ चिमूटभर कमी. मिरी ठीक."

"नक्की?"

"नक्की."

त्याने मीठ टाकलं आणि कॅन्टीनचं शटर वर गेलं. कचेरीच्या तळमजल्यावर रोज दीडशे माणसं जेवत, पण दोन वर्षांपूर्वीच्या तापाने आचाऱ्याची चव पार गेली आहे, याचा त्यांतल्या एकालाही पत्ता नव्हता. वास नाही, चव नाही. "परत येईल, किंवा नाहीही येणार," असं डॉक्टर म्हणाले होते. एवढं तर आपणही फुकटात सांगितलं असतं, असं तिला तेव्हा वाटलं होतं. सुरुवातीला एकदा, त्याला बरं वाटावं म्हणून, ती "झकास झालंय" म्हणाली आणि दुपारी निम्म्याहून जास्त ताटं तशीच परत आली. सगळं खारट. त्या दिवशीच दोघांचं ठरलं की चवीच्या बाबतीत खोटं बोलायचं नाही.

कामाचं असं निभावून गेलं. घरचं मात्र बिनसलं. तो तिच्यासोबत जेवायला बसेनासा झाला. ओट्याशी उभा राहून, औषध घ्यावं तसे चार घास पोटात ढकलायचा आणि खिडकीपाशी निघून जायचा. टेबलावर ती एकटी. भांडण नाही, अबोला नाही. एकदाच तो म्हणाला होता, "तू चवीने खातेस ना, तेव्हा तुझ्याकडे बघवत नाही गं." वीस वर्षं ज्याने तिला खाऊ घालण्यात सुख मानलं, त्या माणसाचं हे बोलणं तिला फार लागलं. त्याने पुन्हा समोर येऊन बसावं, यापलीकडे तिला दुसरं काही नको होतं.

त्याच सुमारास त्याला बियांचं खूळ लागलं. कुठून कुठून पुड्या मागवायचा आणि खिडकीतल्या कुंड्यांत पेरायचा. पांढऱ्या स्ट्रॉबेरीचं बी त्याने मायेने मातीखाली पुरलं. ते नुसतं वर भुरभुरायचं असतं, त्याला उजेड लागतो, हे कळेपर्यंत पुडी संपली होती. रास्पबेरीचं बी ओल्या कागदात गुंडाळून, डब्यात घालून तीन महिने फ्रीजमध्ये ठेवलं, कारण थंडी सोसल्याशिवाय ते उगवत नाही म्हणे. नणंद आली होती तेव्हा तिने लोणी समजून तो डबा उघडला आणि किंचाळलीच.

"वहिनी, दादा आता फ्रीजमध्येही शेती करतो?"

"अहो, सरळ टोमॅटो लावा की," बायकोही हसत म्हणाली होती.

"टोमॅटो कसा लागतो ते आठवतं मला," तो पानामागची माव्याची कीड फडक्याने पुसत म्हणाला. "जे कधी खाल्लंच नाही, त्याची आठवण तरी कुठून येणार?"

त्यानंतर तिने चेष्टा केली नाही.

सगळ्यांत टिकलं ते पेपिनो. वांग्याच्या कुळातलं, पण खायचं खरबुजासारखं. पहिल्या वर्षी फुलं आली आणि गळून गेली. दुसऱ्या वर्षी एकच फळ धरलं. मुठीएवढं, फिकट पिवळं, वर जांभळ्या रेघा. दिसायला इतकं देखणं की दूधवालासुद्धा खिडकीशी थांबून बघायचा. देठ मोडू नये म्हणून त्याने तिच्या जुन्या मोज्याची झोळी करून त्याला बांधली होती.

रविवारी, कॅन्टीनच्या सुट्टीच्या दिवशी, ती दुपारची जेवत असताना त्याने ते फळ तोडून आणलं. टेबलाशी उभ्यानेच फोडी केल्या. एक तिला दिली, एक आपण घेतली.

तिने फोड बोटांत फिरवली. गोड निघालं तर ते आपल्या तोंडावर दिसणार आणि हा वळून ओट्याकडे जाणार. वाईट निघालं तर दोन वर्षांची मेहनत पाण्यात. खोटं बोलायची तर सोयच नव्हती.

तिने फोड तोंडात टाकली. चावली. थांबली. पुन्हा चावली. मग न विचारता दुसरी घेतली.

"बोल ना. खरं सांग."

"अहो..." तिने घास गिळला. "याला चवच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काहीच नाही. गोड नाही, आंबट नाही. धड कडूसुद्धा नाही हो."

त्याने आपली फोड तोंडात टाकली आणि सावकाश चावली. आपण याचं मन मोडलं, असं वाटून तिला रडू यायला लागलं.

"गार आहे," तो हळूच म्हणाला.

"हो. गार आहे."

"मधे मऊ. जरासं रवाळ."

"हो, रवाळ."

"आणि सालीजवळ करकरीत."

"करकरीत," ती म्हणाली आणि म्हणता म्हणता तिच्या लक्षात आलं की तिच्या तोंडात जे होतं, ते तो जसंच्या तसं सांगत होता. त्यात घालायला तिच्याकडे जास्तीचं काही नव्हतं.

"अजून काही?" त्याने विचारलं. "माझ्याकडून काही सुटलं का?"

"नाही. एवढंच आहे."

तो हसायला लागला. आधी नाकातल्या नाकात, मग खांदे हलायला लागले. डोळे पुसायला त्याने पंचा शोधला, तो सापडला नाही, तेव्हा बाहीनेच पुसले.

"दोन वर्षं! दोन वर्षं राबलो या भोपळ्यासाठी!"

"आणखी एक फोड द्या," ती म्हणाली.

"आवडलं?"

"छे! पण द्या."

त्याने फोडींची ताटली दोघांच्या मधे सरकवली आणि खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला.

"पुढच्या वर्षी चार कुंड्या लावू," तो म्हणाला.